तालुक्याची बातमी आणि आकाशवाणी : बारामती–इंदापूरच्या संदर्भात

नभोवाणीच्या इतिहासाचा विचार करताना आपल्याकडे संगीत, श्रुतिका व भाषणे यांकडे जितके लक्ष जाते तितके बातमीकडे जात नाही. आणि गेलेच तर ते दिल्लीच्या बातमीपत्रापाशी थांबते. तालुक्याच्या गावी राहून आकाशवाणीसाठी बातमी जमविणारा तरुण वार्ताहर हा या इतिहासातील एक उपेक्षित घटक आहे. त्याचा व्यवसाय कोणत्या मर्यादांत घडला, किंबहुना तो पुरता का घडू शकला नाही, हे पाहण्यास बारामती व इंदापूर हे पुणे जिल्ह्याचे आग्नेयेकडील दोन तालुके विशेष उपयुक्त आहेत.

या भागात बातमीची वाण कधीच नव्हती. नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास वाहू लागला आणि एकाच तालुक्यात बागाईत व जिराईत अशी दोन जगे शेजारी शेजारी नांदू लागली. कालव्याच्या काठी ऊस आला, गूळ आला, पुढे साखर कारखाने आले. सुप्याकडचा कऱ्हेकाठ मात्र पावसाकडे डोळे लावून राहिला. इंदापूर तालुक्यात वालचंदनगरची औद्योगिक वसाहत उभी राहिली, आणि १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाच्या फुगवट्याने भीमाकाठची गावे व जमिनी पाण्याखाली घेतल्या. उसाचा भाव, पाण्याची पाळी, कारखान्याची निवडणूक, विस्थापितांचे प्रश्न ही येथील रोजची वार्ता होय.

पुण्याचे आकाशवाणी केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले. त्याच्या आरंभकाळातील सर्वांत महत्त्वाचा उपक्रम बातम्यांचा नव्हता, तरी स्थानिक वृत्ताच्या दृष्टीने तोच अधिक विचारार्ह ठरतो. १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात युनेस्कोच्या साहाय्याने पुणे जिल्हा धरून पाच मराठीभाषक जिल्ह्यांतील सुमारे १५० गावांत शेतकरी श्रोतृमंडळांचा प्रयोग झाला. कॅनडातील तत्सम मंडळांचा नमुना पुढे होता. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम गावकऱ्यांनी एकत्र बसून ऐकावयाचा, त्यावर चर्चा करावयाची, आणि निमंत्रकाने त्या चर्चेचे टिपण व शंका पुण्यास पाठवावयाच्या, अशी ही योजना होती. पॉल न्यूराथ यांनी टाटा समाजविज्ञान संस्थेतर्फे तिचे मूल्यमापन केले. मंडळे असलेली गावे, नुसता रेडिओ असलेली गावे आणि रेडिओही नसलेली गावे यांची तुलना करता मंडळांच्या गावांत माहितीची वाढ ठळकपणे दिसून आली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत ती अल्पच होती. या निष्कर्षाचा उल्लेख विस्तारशिक्षणाच्या संदर्भात वारंवार केला जातो. माझ्या मते त्यातील खरी गोष्ट निराळी आहे. टिपण पाठविणारा तो निमंत्रक नकळत वार्ताहराचेच काम करीत होता. गावात काय बोलले जाते हे केंद्राला कळविणारा माणूस गावातच होता. १९५९ पासून श्रोतृमंडळांची योजना देशभर पसरली, पण तो माणूस शेतकी विभागाच्या कक्षेत राहिला. वृत्तविभागाने त्याला आपला मानले नाही.

वृत्तपत्रांनी याच्या उलट केले. १९३२ मध्ये नानासाहेब परुळेकरांनी काढलेल्या 'सकाळ'ने गावोगावचे बातमीदार जोडून आपला पाया रचला. आकाशवाणीच्या वृत्तयंत्रणेत मात्र एकक ठरले ते जिल्हा. तिचा अंशकालीन वार्ताहर जिल्ह्यागणिक नेमला जातो; कायम नोकरीऐवजी त्याला मानधन मिळते. पुण्यापासून बारामती सुमारे शंभर किलोमीटर आणि इंदापूर त्याहून दूर. दहा मिनिटांच्या प्रादेशिक बातमीपत्रात साऱ्या महाराष्ट्राला जागा द्यावयाची असता इंदापूरच्या वाट्याला दोन वाक्ये आली तरी पुष्कळ म्हणावयाचे. ज्या तरुणाला या क्षेत्रात शिरावयाचे असेल त्याला मग पुण्यास जाऊन पाळीनुसार मानधनावर अनुवाद, संपादन व वाचन करावे लागे; म्हणजे तालुक्याची बातमी करावयाची तर प्रथम तालुकाच सोडावयाचा.

१९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्णय दिला आणि १९९७ मध्ये प्रसार भारती अस्तित्वात आली. २००२ च्या अखेरीस शिक्षणसंस्थांना, व २००६ मध्ये स्वयंसेवी संस्था व कृषिविज्ञान केंद्रांनाही सामुदायिक नभोवाणीची वाट मोकळी झाली. बारामतीत विद्या प्रतिष्ठानची 'वसुंधरा वाहिनी' ९०.४ मेगाहर्ट्झवर बोलू लागली. प्रक्षेपक आता तालुक्यातच आला. परंतु त्याच धोरणाने बातम्या व चालू घडामोडी यांस मनाई केली. ही मनाई व्यवहारात कशी उतरते हे कालव्यावरून समजते. अमुक तारखेस आवर्तन सुटणार, ही नागरी सोयीची माहिती मानता येते. ते पाणी इंदापूरकडील शेवटच्या टोकापर्यंत का पोचले नाही, असे कोणी विचारताच ती बातमी होते, आणि मग ध्वनिक्षेपक बंद ठेवावा लागतो. ज्या केंद्राला बातमी देण्याचा अधिकार ते शंभर किलोमीटरवर, आणि जे केंद्र उंबऱ्याशी त्याला अधिकार नाही! कालव्याच्या टोकाशी असलेल्या शेतकऱ्याच्या दृष्टीने ही विभागणी केवळ प्रशासकीय नाही. वरच्या अंगाला पाणी मुरते की उचलले जाते, याची जाहीर विचारणा झाल्यावाचून त्याचे पीक वाचत नाही.

जून २०२३ मध्ये पुणे केंद्राचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून त्याचे काम छत्रपती संभाजीनगरास हलविण्याचा आदेश निघाला. पुण्यात त्यास विरोध झाला आणि त्याच महिन्यात आदेशास स्थगिती मिळाली. तो अमलात आला असता इंदापूरच्या बातमीला भीमाच नव्हे, तर गोदावरीचे खोरे गाठून परत यावे लागले असते. त्या वेळच्या चर्चेत पुण्याच्या श्रोत्यांची गैरसोय व वृत्तविभागात मानधनावर काम करणाऱ्यांची उपजीविका हे दोन मुद्दे रास्तपणे पुढे आले. तालुक्याचा वार्ताहर असावा की नाही, हा प्रश्न तेव्हाही पटलावर आला नाही.