‘मित्राची गोष्ट’: निवेदनाचा अधिकार

विजय तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’ (१९८१) या नाटकाच्या शीर्षकातच एक लपंडाव आहे. नायिकेचे नाव मित्रा. परंतु ‘मित्राची’ या षष्ठ्यन्त रूपात पुल्लिंगी ‘मित्र’ही दडलेला आहे. स्त्रीवर प्रेम करणाऱ्या मित्राची कहाणी प्रेक्षकांना सांगतो तो बापू, तिचा सहाध्यायी मित्र. तिचा शेवट आत्मनाशात होतो. सांगायला बापू उरतो. रियोको यामागिशी यांच्या ‘शिरोई हेया नो फुतारी’ (१९७१) या जपानी चित्रकथेतही दोघींपैकी एकीला मरावे लागते. अशा मरणाला ‘शोकात्म’ म्हणून मोकळे होणे समीक्षेला फारच सोयीचे ठरले. सचिन कुंडलकरांच्या ‘कोबाल्ट ब्ल्यू’ (२००६) या कादंबरीत तनय स्वतःच निवेदक होतो. प्रियकर निघून जातो, निवेदक जगतो. त्याच पुरुषावर प्रेम करणाऱ्या त्याच्या बहिणीला, अनुजाला, तेथे स्वतंत्र निवेदन आहे.