मतदान केंद्रातला आपला माणूस : मतदार यादीपासून सतरा-सीपर्यंत

कशेळे परिसरातल्या बौद्धवाड्या आणि आदिवासी वाड्यांवर आम्ही काम करतो. निवडणूक जवळ आली की तरुण आम्हाला एकच प्रश्न विचारतात, "मशीन बरोबर असतं का?" प्रश्न रास्त आहे, त्याबद्दल पुढे लिहिलेच आहे. पण गेल्या काही निवडणुकांत आमच्याकडे आलेली गाऱ्हाणी पाहिली, तर त्यातली बहुतेक मशीनपर्यंत पोहोचलीच नव्हती. सुनेचे नाव अजून माहेरच्या यादीत. वारलेल्या आजोबांचे नाव यादीत कायम, आणि अठरा पूर्ण झालेल्या नातवाचे नाही. एकदा वीटभट्टीवरून खास मतदानाला आलेल्या कातकरी बाईला केंद्रात सांगितले गेले, "तुमचं मत झालंय." ती निमूट परत भट्टीवर गेली. आमचा कार्यकर्ता बाहेर टेबलावर चिठ्ठ्या वाटत बसला होता, आत आमचे कोणीच नव्हते. तिला त्या क्षणी काय करता आले असते, हे खरे तर आम्हालाही नीट माहीत नव्हते. म्हणून हा लेख.

आयोगाच्या मुळाशी यादीच आहे

१५ जून १९४९ रोजी बाबासाहेबांनी संविधान सभेत अनुच्छेद २८९ मांडला. आजचा अनुच्छेद ३२४ तो हाच. मूळ मसुद्यात राज्यांच्या निवडणुकांसाठी वेगळे आयोग होते. ते बदलून संसद आणि सर्व विधानसभांच्या निवडणुका एकाच केंद्रीय आयोगाकडे का दिल्या, याचे कारण त्यांनी सभागृहात सांगितले. काही प्रांतांत वंशाने, भाषेने किंवा संस्कृतीने वेगळ्या असलेल्या लोकांची नावे मतदार यादीत येऊ नयेत, अशी व्यवस्था सरकारेच करत असल्याच्या तक्रारी आल्या होत्या. दुसऱ्या दिवशी चर्चेला उत्तर देताना त्यांनी आणखी एक गोष्ट मान्य केली. सरकारच्या मुठीत राहील असा माणूस आयुक्त होण्यापासून रोखणारे काही या मसुद्यात नाही. तो वाद अजून संपलेला नाही. २ मार्च २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नेमणुकीच्या समितीत पंतप्रधान आणि विरोधी पक्षनेत्यासोबत सरन्यायाधीशांना बसवले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये संसदेने कायदा करून सरन्यायाधीशांच्या जागी एक केंद्रीय मंत्री आणला. आमच्या मते हे पाऊल उलट्या दिशेने पडले.

१९५२ साली बाबासाहेब उत्तर मुंबई या दोन सदस्यांच्या मतदारसंघातून हरले. तिथे ७४,३३३ मते बाद झाली होती, म्हणजे पराभवाच्या फरकाच्या कितीतरी पट. बाबासाहेब आणि अशोक मेहता यांनी निवडणूक याचिका दाखल केली. ती फेटाळली गेली. हा प्रसंग आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही. निवडणूक कायद्याच्या चौकटीत तपासायला लावणे हे संविधानाच्या शिल्पकाराला कमीपणाचे वाटले नव्हते, एवढे तरी तरुणांना माहीत असावे.

यादी वाचायची कशी

आमच्या काही वाड्यांत पौर्णिमेला वंदनेनंतर विहारात यादी मोठ्याने वाचतात. मोबाईलवर आपले नाव शोधणे वेगळे आणि सगळ्या वाडीसमोर पूर्ण भाग वाचणे वेगळे. वारलेल्यांची नावे आली की म्हाताऱ्या चुकचुकतात, मग कोणीतरी म्हणते, "हा कोण? आपल्याकडे या नावाचा माणूसच नाही." तपासणी खरी तिथे सुरू होते.

१ ऑगस्ट २०२२ पासून नोंदणीसाठी वर्षात चार पात्रता तारखा आहेत : १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. नवीन नावासाठी नमुना ६, नाव वगळण्यासाठी किंवा हरकतीसाठी नमुना ७, पत्ता बदल व दुरुस्तीसाठी नमुना ८. नमुना ७ कडे विशेष लक्ष ठेवा. कोणी हरकत घेतली म्हणून चौकशीशिवाय आणि नोटिशीशिवाय नाव काढता येत नाही. अर्जात खोटी माहिती देणे हा १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ३१ खाली गुन्हा आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्यात ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेले ६,८६१ नोंदणी अर्ज पडताळणीत अपात्र ठरून नाकारले गेले आणि पोलिसांत गुन्हा नोंदवला गेला. पत्त्यावर जाऊन कोणी पाहिले नाही, तर असे अर्ज पकडणार कोण?

ग्रामपंचायत, पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेचा कारभार वेगळा. या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, पण तो स्वतंत्र यादी तयार करत नाही. ठरलेल्या तारखेची विधानसभेची यादी घेऊन ती प्रभागांत किंवा गणांत विभागली जाते. प्रारूप यादीवर हरकत घेऊन चुकीच्या प्रभागात गेलेले नाव दुरुस्त होते, नवे नाव मात्र घालता येत नाही. आमचे कार्यकर्ते इथेच दरवेळी फसतात. ग्रामपंचायत जाहीर झाल्यावर नमुना ६ घेऊन धावतात, तेव्हा दार बंद झालेले असते. त्यातही वाडीतली वीस-पंचवीस नावे शेजारच्या प्रभागात सरकली, तर राखीव जागेचे गणित बदलते.

केंद्राच्या आत

मतदान प्रतिनिधीची नेमणूक उमेदवार किंवा त्याचा निवडणूक प्रतिनिधी नमुना १० वर करतो. आपण कोणत्या पक्षाचे काम करतो हा ज्याचा त्याचा प्रश्न, पण त्या खुर्चीवर वाडीतली माणसे ओळखणारा कोणी बसला पाहिजे. लोकसभा-विधानसभेला मतदान सुरू होण्याच्या ९० मिनिटे आधी अभिरूप मतदान होते, त्यात किमान ५० मते टाकून मोजतात. पहाटे कशेळ्याहून खांडसच्या बाजूच्या केंद्रावर पोहोचायचे तर गाडीची सोय आदल्या दिवशीच करावी लागते. हे कारण क्षुल्लक वाटेल, पण आमचे प्रतिनिधी याच कारणाने उशिरा पोहोचले आहेत.

सोबत अनुपस्थित, स्थलांतरित आणि मृत मतदारांची यादी ठेवावी. दिवाळीनंतर भट्टीवर गेलेल्या कातकरी कुटुंबांच्या नावांवर खूण करून ठेवावी. त्या नावावर दुसराच कोणी आला तर दोन रुपये भरून आक्षेप घेता येतो, केंद्राध्यक्षाला चौकशी करावी लागते. आणि त्या बाईसारखे झाले तर? ओळख पटल्यास तिला प्रदत्त मत मागण्याचा हक्क आहे. तिला कागदी मतपत्रिका मिळते, नमुना १७-बी मध्ये नोंद होते आणि मत वेगळ्या पाकिटात जाते. नेहमीच्या मोजणीत ते धरले जात नाही. पण दुसऱ्याने आपले मत टाकले याचा तो पुरावा असतो. २००८ साली राजस्थानात नाथद्वाऱ्याला सी. पी. जोशी एका मताने हरले आणि खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, तो याच प्रदत्त मतांवरून.

दबावाबद्दल थोडक्यात. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला मतदानापासून किंवा उमेदवारीपासून रोखणे, आणि मतदानानंतर बहिष्काराची धमकी देणे, हे ॲट्रॉसिटी कायद्याच्या कलम ३(१) मध्ये स्वतंत्र गुन्हे आहेत. 'बिनविरोध'चा गोड आग्रहही तपासून घ्यावा. जानेवारी २०२१ मध्ये सरपंचपदाचा लिलाव झाल्यामुळे राज्य निवडणूक आयोगाने नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी इथली निवडणूकच रद्द केली होती.

मशीन आणि कागद

डिसेंबर २०२४ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या मारकडवाडीने स्वतःहून मतपत्रिकेवर मतदान घेऊन पाहायचे ठरवले. प्रशासनाने जमावबंदी लावली आणि ते थांबले. लोकांना आपल्या शंकेचे उत्तर शोधू न देणे आम्हाला पटलेले नाही. सर्वोच्च न्यायालयाने २६ एप्रिल २०२४ रोजी मतपत्रिकेकडे परतण्याची मागणी नाकारली, मात्र दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला निकालापासून सात दिवसांत ५ टक्के यंत्रांची तपासणी मागण्याची मुभा दिली. खर्च आधी उमेदवाराने भरायचा. गरीब उमेदवाराला हे परवडणारे नाही. स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकीत तर व्हीव्हीपॅटही नसते.

२०२४ च्या विधानसभेत सहा वाजल्यानंतर झालेल्या ७५ लाखांहून अधिक मतांबद्दल विक्रोळीच्या एका मतदाराने याचिका केली, बाजू ॲड. प्रकाश आंबेडकर यांनी मांडली. मुंबई उच्च न्यायालयाने २५ जून २०२५ रोजी ती फेटाळली, पुढे सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेप केला नाही. मतदानाची वेळ संपताना रांगेत असलेल्यांना शेवटच्या माणसापासून चिठ्ठ्या दिल्या जातात. किती चिठ्ठ्या दिल्या, शेवटचे मत किती वाजता पडले, हे आतल्या प्रतिनिधीने वहीत लिहून ठेवले तर संध्याकाळच्या मतांबद्दल आपल्याकडे स्वतःची नोंद राहते. कॅमेऱ्याच्या भरवशावर राहू नका. २० डिसेंबर २०२४ च्या नियमबदलाने मतदान केंद्रातले चित्रीकरण मतदाराला सहज पाहता येत नाही, आणि याचिका नसेल तर ४५ दिवसांनी ते नष्ट करण्याची आयोगाची सूचना आहे. निवडणूक याचिकेची मुदतही ४५ दिवसच आहे. ती याचिका उमेदवाराप्रमाणे साध्या मतदारालाही करता येते.

म्हणून सतरा-सी. मतदान संपल्यावर केंद्राध्यक्ष नमुना १७-सी भरतो. त्यात यंत्रांचे क्रमांक, नोंदवहीप्रमाणे मतदार, यंत्रातली एकूण मते आणि कागदी सीलचे क्रमांक असतात. हजर प्रतिनिधीला त्याची साक्षांकित प्रत देणे नियम ४९-एस प्रमाणे बंधनकारक आहे. मोजणीच्या दिवशी टेबलावर आलेल्या कंट्रोल युनिटचा क्रमांक, सील आणि एकूण आकडा त्या प्रतीशी जुळवायचा. आमच्या भागात बरेच प्रतिनिधी पाच वाजताच जेवायला किंवा घरी निघून जातात आणि ती प्रत टेबलावरच राहते. २ डिसेंबर २०२५ ला मतदान झालेल्या नगर परिषदांची मोजणी न्यायालयाच्या आदेशाने २१ डिसेंबरपर्यंत लांबली, तेव्हा लोकांच्या मनात आले ते हेच, की इतके दिवस पेट्या कुलपात असताना आपल्या हातात काय आहे? ज्यांच्याकडे क्रमांक आणि आकडे लिहिलेला कागद होता, त्यांच्याकडे ताडून पाहायला काहीतरी होते.

ग्रामपंचायतीला नमुन्यांचे क्रमांक वेगळे असतात, मुदत त्याहून कमी. निकालाला आव्हान द्यायचे तर ग्रामपंचायत कायद्याच्या कलम १५ प्रमाणे १५ दिवसांत दिवाणी न्यायालयात अर्ज करावा लागतो. निकालाच्या मिरवणुका आणि रुसवेफुगवे यांतच त्यातले चार-पाच दिवस जातात, म्हणून केंद्रनिहाय प्रती त्याच रात्री विहारातल्या फाईलला लावून ठेवायची पद्धत आम्ही आता सुरू केली आहे.