एक नाणं, दोन खेळाडू

लढाईच्या व्हिडिओ गेमला इतिहास असतो, असं म्हटलं की माझ्या वयाची मंडळी हसतात. पोरं बटणं बडवतात, त्याला कसला आलाय इतिहास! पण या खेळात तीस-पस्तीस वर्षं एक वाद चालू आहे आणि तो वाद आपल्याला परका नाही. तालमीत तो आहे, गाण्याच्या शिकवणीत आहे, बुद्धिबळाच्या पटावरही आहे. एकट्यानं घोटून घोटून माणूस तयार होतो, की समोर दुसरा माणूस बसल्याशिवाय खरं काही येतच नाही? व्हिडिओ गेमच्या बाबतीत गंमत अशी, की हा वाद सालवारीनं सांगता येतो. कारण दर काही वर्षांनी यंत्रच बदलत गेलं आणि त्याच्याबरोबर सरावाची रीतही.

सुरुवात १९९१ सालची. जपानच्या कॅपकॉम कंपनीनं ‘स्ट्रीट फायटर टू’ हा खेळ बाजारात आणला. ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. पडद्यावर दोन लढवय्ये समोरासमोर, प्रत्येकाच्या डोक्यावर ताकदीची एक पिवळी पट्टी, हाताशी एक दांडी आणि सहा बटणं. पट्टी संपली की तो गडी आडवा. त्याआधीचे बहुतेक खेळ यंत्राशी खेळायचे आणि गुणांचा आकडा वाढवत न्यायचा, असे होते. इथे मात्र तुम्ही एकटे खेळत असताना कोणीही शेजारी येऊन नाणं टाकू शकत होतं आणि मग यंत्र बाजूला होऊन लढत तुमच्यात आणि त्याच्यात लागायची. हरणारा उठायचा, जिंकणारा त्याच नाण्यावर पुढे खेळायचा. अमेरिकेत पोरं आपलं पंचवीस सेंटचं नाणं मशीनच्या काचेपाशी ठेवून नंबर लावत. जपानमध्ये दोन मशीन पाठीला पाठ लावून ठेवण्याची पद्धत रुळली. तिथे प्रतिस्पर्ध्याचा चेहराही दिसायचा नाही, दिसायची ती फक्त त्याची खेळी.

या व्यवस्थेत एकट्यानं सराव करणं जवळजवळ अशक्य होतं. परवडायचं नाही, आणि परवडलं तरी कोणी करू द्यायचं नाही. शिकायचं ते हरून, नाहीतर रांगेत उभं राहून दुसऱ्याचा खेळ बघत.

हे मी ऐकीव सांगत नाही. नव्वदीच्या दशकात आमच्या तालुक्याच्या गावी एका गाळ्यात व्हिडिओ पार्लर होतं. पत्र्याचं छप्पर, चार मशीन, एक रुपयाला एक डाव. दुपारी पार्लर रिकामं असायचं. मी शाळा सुटल्यावर जाऊन यंत्राशी खेळायचो. काही महिन्यांत मला एक युक्ती सापडली. उडी मारून लाथ घालायची आणि जमिनीवर पाय टेकताच खाली बसून पाय झाडायचा. यंत्र दरवेळी फसायचं. मी शेवटच्या गड्यापर्यंत पोचलो, त्यालाही लोळवलं आणि माझी खात्री पटली की गावात आपल्यासारखा कोणी नाही.

मग एका संध्याकाळी गॅरेजमध्ये काम करणारा, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा एक मुलगा शेजारी येऊन उभा राहिला. हात ग्रीसनं काळे. त्यानं रुपया टाकला. माझी युक्ती दोनदा चालली. तिसऱ्या वेळी मी उडी मारली तेव्हा तो खाली नुसता वाट पाहत थांबला होता, आणि मी हवेत असतानाच त्यानं मला खाली पाडलं. चौथ्या वेळी तेच. पाचव्या वेळीही तेच, कारण मला दुसरं काही येतच नव्हतं. मिनिटभरात माझा रुपया संपला. तो पडद्यावरून नजर न काढता म्हणाला, “काय रे, मशीनवरच शिकलास ना?”

तेव्हा मला राग आला होता. आता वाटतं, या विषयातलं मोठं निदान त्यानं एका वाक्यात केलं होतं.

पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. या खेळातली सर्वांत मोठी गोष्ट सापडली ती एकट्यानं केलेल्या तपासणीतच. ‘स्ट्रीट फायटर टू’ तयार होत असताना नोरिताका फुनामिझू हे निर्माते चुका शोधत होते. मोटार फोडण्याचा एक जादा टप्पा त्या खेळात आहे. तिथे त्यांना दिसलं, की विशिष्ट वेळ साधली तर दोन फटक्यांच्या मध्ये आणखी एक फटका बसवता येतो. खरं तर ही चूकच. त्यांनी ती काढून टाकली नाही, लपलेली राहू दिली. एकाला जोडून दुसरा, असे समोरच्याला सावरू न देणारे फटके म्हणजे ‘कॉम्बो’. आज लढाईचा कोणताही गेम त्याशिवाय उभा राहत नाही. मोटार काही उलटून मारत नाही, म्हणून ते दिसलं. समोर माणूस असता तर दिसलं असतं का, शंकाच आहे.

नव्वदीच्या मध्यावर हे खेळ घरात आले आणि त्यांच्याबरोबर सरावाची स्वतंत्र सोय आली. १९९६ साली प्लेस्टेशनवर आलेल्या ‘टेक्केन टू’मध्ये ती होती. तिथे घड्याळ नाही, हार-जीत नाही. समोरचा गडी निमूट उभा असतो. एकच डाव हजार वेळा घाला, तो तक्रार करत नाही. मराठी माणसाला हे समजावून सांगायला नको. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला जे रूप दिलं, त्यामागेही हाच विचार दिसतो. खांब थकत नाही, चिडत नाही, तिढी मारून पकड घोटायला रात्रंदिवस हजर असतो. मात्र खांबावर तयार झालेल्या मल्लाला शेवटी तांबड्या मातीत उतरावं लागायचंच.

घरबसल्या सरावाचा फायदा किती, हे एका आकड्यावरून कळेल. या खेळात एका सेकंदाचे साठ भाग धरतात, प्रत्येक भागाला ‘फ्रेम’ म्हणतात. कोणता फटका किती फ्रेममध्ये बाहेर पडतो, तो अडवला गेला तर मारणारा किती फ्रेम उघडा राहतो, यावर सगळं गणित असतं. रुपया-रुपया टाकून रांगेत हे शिकता येणं कठीण. आणि ज्याच्या गावात समोर बसायला तोडीचा कोणी नाही, त्याच्यासाठी तर तो मुका गडी हाच गुरू. या सोयीला नावं ठेवायला मी तयार नाही.

आता या इतिहासातली सर्वांत गाजलेली लढत. तारीख १ ऑगस्ट २००४. कॅलिफोर्नियातल्या पोमोना इथे ‘इव्हो’ ही स्पर्धा भरली होती. १९९६ साली याच राज्यात ‘बॅटल बाय द बे’ या नावानं सुरू झालेल्या छोट्या मेळाव्यातून ती वाढली. खेळ ‘स्ट्रीट फायटर थ्री : थर्ड स्ट्राइक’. एका बाजूला जपानचा डायगो उमेहारा, दुसऱ्या बाजूला न्यूयॉर्कच्या चायनाटाउनमधल्या आर्केडमध्ये तयार झालेला जस्टिन वाँग. डायगोची पट्टी जवळजवळ संपलेली. स्थिती अशी, की फटका नुसता अडवला तरी त्याची धग लागून तो संपला असता. जस्टिननं आपला राखून ठेवलेला पंधरा लाथांचा डाव सोडला.

या खेळात ‘पॅरी’ नावाची एक जोखमीची सोय आहे. फटका लागण्याच्या क्षणी मागे न सरता दांडी पुढे, शत्रूच्या दिशेनं दाबायची. वेळ साधली तर काहीच इजा होत नाही. चुकली तर पुरा मार. डायगोनं पंधराच्या पंधरा लाथा तशा झेलल्या, शेवटची तर उडी मारून हवेत, आणि उलटून मारा करून ती फेरी जिंकली. सभागृहात जो गलका उठला तो चित्रफितीत आजही ऐकायला मिळतो. (पुढच्याच अंतिम लढतीत तो हरला, हे मात्र फारसं कोणी सांगत नाही.)

या पंधरा लाथांकडे मी वारंवार पाहिलंय. दुसरीपासून पंधरावीपर्यंतचा ताल ठरलेला आहे. तबल्याच्या कायद्यासारखा तो एकट्यानं घोटता येतो, घोटावाच लागतो. पण पहिली लाथ इतकी चटकन येते, की ती दिसल्यावर हात हलवायला वेळच उरत नाही. दांडी आधीच दाबावी लागते. म्हणजे जस्टिन आत्ता, या क्षणी तो डाव सोडणार, हे डायगोला आधी वाटलं पाहिजे. दमत आलेला प्रतिस्पर्धी, जिंकायला एक फटका पुरे, हातात राखीव डाव, आणि लवकर संपवण्याचा मोह. निमूट उभ्या पुतळ्याला मोह होत नाही. चौदा लाथा घरी शिकता येतात. पहिलीसाठी कोणाशी तरी खेळून हरलेलं असावं लागतं.

हे यंत्र बनवणाऱ्यांनाही कळत होतं. २००३ साली प्लेस्टेशन टूवर आलेल्या ‘व्हर्चुआ फायटर फोर : इव्होल्यूशन’मध्ये सेगा कंपनीनं पडद्यावरच आर्केडची दुकानं उभी केली आणि तिथल्या यंत्र-खेळाडूंना जपानमधल्या खऱ्या खेळाडूंच्या ढंगानं खेळायला लावलं. इव्होच्या संस्थापकांपैकी टोनी कॅनन यांनी २००६ साली वेगळीच वाट काढली. इंटरनेटवरून खेळताना संदेश पोचायला उशीर लागतो आणि फ्रेमचं गणित कोसळतं. त्यांच्या प्रणालीत यंत्र तुमच्या प्रतिस्पर्ध्याच्या पुढच्या हालचालीचा अंदाज बांधून खेळ चालू ठेवतं आणि अंदाज चुकला तर क्षणभर मागे जाऊन दुरुस्त करतं. दूरचा माणूस समोर बसल्यासारखा झाला.

तरीही २०१९ साली काय झालं पाहा. फेब्रुवारीत जपानमधल्या फुकुओका इथे ‘इव्हो जपान’ भरली. ‘टेक्केन सेव्हन’ची स्पर्धा जिंकली लाहोरच्या अर्सलान सिद्दीकी या तरुणानं. खेळाडू त्याला अर्सलान ॲश म्हणतात. व्हिसाच्या अडचणी, विमानांची ओढाताण, थकलेलं शरीर, अशा अवस्थेत तो पोचला होता. या खेळाची सत्ताकेंद्रं जपान आणि कोरिया. पाकिस्तान कोणाच्या गणतीतच नव्हतं. जिंकल्यावर त्यानं सांगितलं, की आमच्याकडे माझ्यासारखे आणखी आहेत. लोकांना तो विनय वाटला. ऑगस्टमध्ये लास व्हेगासला त्यानं कोरियाच्या नावाजलेल्या ‘नी’ या खेळाडूला अंतिम फेरीत हरवलं. त्याच वर्षी हा नी चक्क लाहोरला गेला आणि तिथल्या पोरांशी खेळत बसला. घरी सरावाची सगळी सोय असलेला अनुभवी खेळाडू सराव करायला विमानानं जातो, याचा अर्थ मला तरी स्पष्ट वाटतो. पुढे फेब्रुवारी २०२३ मध्ये पाकिस्तानच्याच आतिफ बटनं ॲमस्टरडॅमला ‘टेक्केन वर्ल्ड टूर’ची अंतिम स्पर्धा जिंकली, तेव्हा तो विनय नव्हता हेही कळलं.

जानेवारी २०२४ मध्ये ‘टेक्केन एट’ आला. त्यात यंत्र तुमचा खेळ पाहून तुमचं ‘भूत’ तयार करतं. तुम्ही घरी नसलात तरी कोणीही तुमच्या भुताशी सराव करू शकतो. त्यात तुमच्या सवयी, तुमची घाई, सगळं उतरतं. माझ्या पुतण्यानं मला बसवून दहा-बारा डाव खेळायला लावले आणि मग माझ्या भुताशी स्वतः खेळला. मी चहा आणायला आत गेलो होतो. बाहेरून त्याचा आवाज आला, “काका, तुमचं भूतसुद्धा सारखं खाली बसून लाथच मारतंय!”