आतून वाचवीन म्हणणारा मंत्री : फ्रान्झ ग्युर्टनर

आज ज्या गृहस्थांबद्दल बोलायचं आहे त्यांचं नाव आपल्यापैकी फार थोड्यांनी ऐकलं असेल. फ्रान्झ ग्युर्टनर. जन्म १८८१, रेगेन्सबर्ग. वडील रेल्वे इंजिनचे ड्रायव्हर. मुलगा म्युनिकला कायदा शिकला, न्यायखात्यात चढत गेला आणि १९२२ साली बव्हेरियाचा न्यायमंत्री झाला. ते नाझी नव्हते. जुन्या वळणाचे राष्ट्रवादी होते.

१९२३ च्या नोव्हेंबरात हिटलरचा म्युनिकमधला उठाव फसला. पुढच्या १ एप्रिलला त्याला पाच वर्षांची शिक्षा झाली आणि २० डिसेंबरला तो बाहेरही आला! सरकारी वकिलांचा सुटकेला विरोध होता. १९२५ च्या फेब्रुवारीत पक्षावरची बंदीही उठली. हे सगळं होत असताना न्यायखातं ग्युर्टनर यांच्याकडेच होतं.

जून १९३२ मध्ये ते बर्लिनला केंद्रीय न्यायमंत्री झाले. पापेन गेले, श्लायखर आले. श्लायखर गेले, हिटलर आला. न्यायमंत्री मात्र तेच. ते का राहिले? त्यांच्या बाजूनं सांगितलं जातं ते असं, की कायद्याचं राज्य जेवढं वाचवता येईल तेवढं आत राहूनच वाचवता येईल. हा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. सॅक्सनीतल्या होनश्टाइन छळछावणीत कैद्यांचे हाल करणाऱ्यांवर खटला चालला, तेव्हा ग्युर्टनर तो दडपू द्यायला तयार नव्हते. शिक्षा झाल्याही. मग हिटलरनं आरोपींना माफी देऊन टाकली.

आता दुसरी बाजू बघा. ३० जून १९३४ पासून तीन दिवसांत हिटलरनं रोएम आणि इतर अनेकांना खटल्याशिवाय ठार करवलं. मेलेल्यांत श्लायखरही होते, म्हणजे ज्यांच्या मंत्रिमंडळात ग्युर्टनर बसले होते ते! ३ जुलैला एका कलमाचा कायदा निघाला : जे झालं ते राज्याचं स्वसंरक्षण, म्हणून कायदेशीर. त्याखाली ग्युर्टनर यांचीही सही आहे. या सहीला किंमत कशामुळे होती? सही करणारा माणूस सभ्य, कायदेपंडित होता यामुळेच. आत राहून त्यांनी कायद्याला जेवढा आधार दिला, त्याहून जास्त आपली अब्रू राजवटीला उसनी दिली, असं माझं मत आहे.

यावर कुणी म्हणेल, त्या काळात दुसरं करणार तरी काय? तर लोथार क्रायसिग या न्यायाधीशाची गोष्ट ऐका. ब्रांडेनबुर्गमध्ये मनोरुग्णांचं पालकत्व त्यांच्या न्यायालयाकडे होतं. रुग्ण मारले जाताहेत हे लक्षात आल्यावर १९४० साली त्यांनी ग्युर्टनर यांनाच पत्र लिहिलं आणि रुग्णांना हलवायला संस्थांना मनाई केली. मंत्र्यांनी त्यांना हिटलरचं अधिकारपत्र दाखवलं. फ्यूररची इच्छा हा कायद्याचा उगम मानता येत नसेल तर न्यायाधीश राहता येणार नाही, असं सुनावलं. क्रायसिगनी ते मानलं नाही.

ग्युर्टनर २९ जानेवारी १९४१ ला पदावर असतानाच वारले. क्रायसिगना सक्तीनं निवृत्त केलं गेलं. पण ते १९८६ पर्यंत जगले. नकार देणं अशक्य होतं असं म्हणण्याआधी हे साल आपण लक्षात ठेवू या.