मंडळीचा निर्वाह आणि दानाचा क्रम : मराठी ख्रिस्ती समाजाच्या संदर्भात एक ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

कोणत्याही धर्मसंस्थेचा इतिहास तिच्या तत्त्वज्ञानातून जसा कळतो, तसाच तो तिच्या जमाखर्चातूनही कळतो. उपदेशकाच्या घरातील धान्य कोठून येते, या प्रश्नाच्या उत्तरावर तो कोणाला उत्तरदायी आहे हे बऱ्याच अंशी ठरते. भंडारा जिल्ह्याच्या धानपट्ट्यातील लाखांदूरसारख्या परिसरात सुगीच्या वेळी खळ्यावर धान्याचे वाटे पडणे ही कृषिजीवनाच्या परिचयाची गोष्ट आहे. ख्रिस्ती दानविचाराचा उगमही अशाच कृषिसंस्कृतीत झाला. तथापि, हा विचार मराठी प्रदेशात आला तो मुख्यतः परदेशातून येणाऱ्या रोख पैशाच्या सोबतीने. या विसंगतीचा परिणाम काय झाला, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

बायबलमधील दानाचा क्रम

जुन्या करारात दशमांश हा केवळ उपासनेचा कर नव्हता. ‘अनुवाद’ या ग्रंथाच्या चौदाव्या अध्यायानुसार दर तिसऱ्या वर्षीच्या उत्पन्नाचा दशमांश गावातच साठवायचा आणि त्यातून लेवी, उपरा, अनाथ व विधवा यांना तृप्त करायचे होते. लेवी हे उपासनेचे सेवक होते व त्यांना जमिनीचा वाटा नव्हता. म्हणजे धर्मसेवक आणि निराधार यांचे पोषण एकाच कोठारातून होत असे.

नव्या करारात पौलाने हे सूत्र पुढे नेले. सुवार्ता सांगणाऱ्याचा निर्वाह सुवार्तेवर व्हावा, असे तो करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायात सांगतो. परंतु त्याच ठिकाणी आपण स्वतः हा हक्क बजावला नाही, हेही नमूद करतो. मात्र फिलिप्पै येथील मंडळीचे साहाय्य त्याने स्वीकारले. यरुशलेममधील गरिबांसाठी वर्गणी गोळा करताना प्रत्येकाने आठवड्याच्या पहिल्या दिवशी आपल्या प्राप्तीप्रमाणे काही बाजूला ठेवावे, अशी व्यवस्था त्याने सुचविली. जवळ जे नाही त्याची अपेक्षा नाही, जे आहे त्यातून स्वेच्छेने द्यावे, हे त्यामागील तत्त्व होय. गरीब माणूसही दाता होऊ शकतो, ही या विचारातील महत्त्वाची बाब आहे.

नागपूर प्रांतातील अनुभव

1843 मध्ये स्कॉटलंडच्या चर्चमधून सुमारे 470 धर्मोपदेशक बाहेर पडले व त्यांनी फ्री चर्चची स्थापना केली. प्रस्थापित चर्चकडून मिळणारे वेतन व निवासस्थान यांचा त्यांनी त्याग केला. थॉमस चाल्मर्स यांच्या योजनेनुसार सर्व मंडळ्यांच्या वर्गण्या एका निर्वाह निधीत जमा होत आणि त्यातून श्रीमंत व गरीब अशा दोन्ही मंडळ्यांच्या उपदेशकांना आधार मिळे. याच चर्चचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप 1845 मध्ये नागपूरला आले. पुढे 1883 मध्ये त्यांच्या नावाचे महाविद्यालय तेथे सुरू झाले आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत भंडारा येथेही मिशनचे केंद्र उभे राहिले.

येथे एक ऐतिहासिक विरोधाभास दिसतो. स्वेच्छादानावर उभ्या राहिलेल्या चर्चने पाठविलेल्या कार्यातून येथे जी मंडळी घडली, ती मात्र प्रारंभापासून घेणारी ठरली. याचे कारण केवळ मिशनच्या धोरणात शोधता येणार नाही. 1896-97 आणि 1899-1900 च्या दुष्काळांनी मध्य प्रांत होरपळून निघाला. निराधार मुलांना मिशनांनी आश्रय दिला. अनाथाश्रमात वाढलेल्या व्यक्तीपाशी ना शेत होते, ना खळे. ज्याला पीकच नाही, त्याने प्रथमफळ कोठून अर्पण करावे?

अहमदनगरचा प्रयोग आणि टिळकांचा मार्ग

पश्चिम महाराष्ट्रात अमेरिकन मराठी मिशनने हा प्रश्न अगोदरच हाताळला होता. मिशनच्या बोस्टन येथील कार्यालयाचे सचिव रूफस अँडरसन यांनी 1854-55 मध्ये भारताला भेट दिली. स्थानिक मंडळ्यांनी आपला कारभार, निर्वाह व प्रसार स्वतः करावा, असा त्यांचा आग्रह होता. त्याच सुमारास हरि रामचंद्र खिस्ती व रामकृष्णपंत मोडक यांना पाळकपदाची दीक्षा देण्यात आली. तत्त्व योग्य होते, परंतु ग्रामीण ख्रिस्ती समाजातील बहुसंख्य लोक महार समाजातून आलेले होते. त्यांचे उत्पन्न मुख्यतः बलुत्यावर अवलंबून होते आणि धर्मांतरामुळे तेही धोक्यात येऊ शकत होते. अशा समाजाकडून रोख वर्गणीची अपेक्षा करणे म्हणजे नसलेल्या गोष्टीची मागणी करणे होते.

रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी वेगळी दिशा स्वीकारली. 1917 मध्ये मिशनच्या नोकरीचा त्याग करून त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. वेतन आणि सेवा यांची गाठ सोडविण्याचा हा प्रयत्न संन्यासाच्या भारतीय परंपरेशी जुळणारा होता. 1919 मध्ये टिळकांचे निधन झाले. एका व्यक्तीचा त्याग प्रेरणा देतो. परंतु गावोगावच्या पाळकांच्या निर्वाहाची नियमित व्यवस्था त्यातून निर्माण होत नाही.

मूठभर तांदूळ

या प्रश्नाचे अधिक व्यवहार्य उत्तर भाताच्या प्रदेशांत सापडले. आजच्या तेलंगणातील दोर्नकल येथे 1912 पासून बिशप असलेल्या व्ही. एस. अझरय्या यांच्या धर्मप्रांतात स्त्रिया स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ मंडळीसाठी बाजूला काढीत. मिझोराममध्ये हीच प्रथा 1910 पासून ‘बुहफाइ थाम’ या नावाने रूढ झाली. या पद्धतीत तीन गोष्टी साधल्या जातात. दान उत्पन्नाच्या प्रमाणात राहते, घरातील स्त्री दात्री ठरते आणि धर्मसेवक व गरजू दोघांच्याही उपयोगी पडेल असे धान्य गावातच जमा होते. पौलाची साप्ताहिक बचत आणि ‘अनुवादा’तील गावचे कोठार यांचा येथे स्वाभाविक संगम झालेला दिसतो.

निष्कर्ष

29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूर येथे सहा चर्चसंस्थांच्या एकत्रीकरणातून उत्तर भारतीय चर्चची स्थापना झाली. 1976 व 2010 च्या विदेशी अंशदानविषयक कायद्यांनी परदेशी निधीवर नियंत्रण आणले. त्यामुळे स्वावलंबन हा केवळ आदर्श न राहता व्यवहाराचा प्रश्न बनला. उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की, धर्मसेवकाचा निर्वाह आधी की गरिबाचे पोषण आधी, हा वाद बायबलच्या दानविचाराला अपरिचित आहे. तेथे दोघांचे कोठार एकच आहे. मिशनकाळात गरिबांची जबाबदारी मुख्यतः परदेशी दात्यांकडे गेली आणि स्थानिक मंडळीकडे फक्त पाळकाच्या पगाराची चिंता उरली. दानाचे हे विभाजन हे मंडळीच्या दुर्बलतेचे एक प्रमुख कारण होय. ज्या मंडळीला आपल्या गावातील विधवेची जबाबदारी आपली वाटते, तिला आपला पाळक पोसणेही परके वाटत नाही. धानपट्ट्यातील लहान मंडळ्यांनी मोठ्या निधीची वाट न पाहता रोजच्या मुठीपासून आरंभ करणे हेच इतिहासाशी व धर्मग्रंथाशी सुसंगत ठरेल.