जुन्या जर्मन कॅमेऱ्यांची साक्ष



जुन्या जर्मन कॅमेऱ्यांचा संग्रह करणारे लोक जगांत सर्वत्र आहेत. पण त्यांच्या छंदाची वार्ता आपल्या कानीं येते ती बहुधा किंमतीच्या निमित्तानें. २०२२ सालच्या जून महिन्यांत १०५ क्रमांकाचा एक लहानसा लायका कॅमेरा लिलावांत १ कोटि ४४ लक्ष युरोंस विकला गेला. ज्या ऑस्कर बार्नाकनें या जातीचा कॅमेरा निर्माण केला, त्याच्या स्वतःच्या वापरांतला तो होता. वर त्याचें नांवहि कोरलेलें होतें. असली रक्कम ऐकून आपण थक्क होतों आणि हा श्रीमंतांचा खेळ म्हणून विषय सोडून देतों. परंतु या यंत्रांची खरी योग्यता पैशांत नाहीं. विसाव्या शतकांत जर्मनीनें काय निर्माण केलें आणि काय गमावलें, हें या यंत्रांच्या अंगावर लिहिलेलें आहे. तें वाचतां येणें हीच खरी रसिकता, असें मला वाटतें.

आरंभ वेत्झलर या लहानशा गांवापासून करूं. तेथें लाइट्झ यांचा सूक्ष्मदर्शक यंत्रांचा कारखाना होता. १९११ सालीं बार्नाक तेथें कारागीर म्हणून दाखल झाला. त्याला दम्याचा विकार होता, आणि फोटो काढण्याची हौसहि होती. त्या काळचे काचेच्या प्लेटांचे अवजड कॅमेरे पाठीवर घेऊन डोंगर चढणें त्याच्या छातीला झेपेना. तेव्हां त्यानें चलच्चित्रांची ३५ मिलिमीटर रुंदीची फिल्म घेतली, तिच्यावरील चित्राचा आकार दुप्पट करून २४ बाय ३६ मिलिमीटर केला, आणि १९१३-१४ च्या सुमारास खिशांत मावेल असा कॅमेरा तयार केला. लहान चित्र घ्यावें आणि मागाहून तें मोठें करावें, ही त्याची कल्पना. मात्र लहान चित्र मोठें करतांना भिंगाचा प्रत्येक दोषहि मोठा होतो. म्हणून मॅक्स बेरेक या शास्त्रज्ञानें त्यासाठीं फार नेमकें भिंग आंखून दिलें.

मध्यें महायुद्ध झालें, त्यामागून चलनाचा विध्वंस झाला. अशा दिवसांत अपरिचित वस्तु बाजारांत आणणें हें धाडसच होतें. १९२४ सालीं दुसऱ्या अर्न्स्ट लाइट्झनें तें धाडस पत्करलें आणि १९२५ च्या वसंतांत लाइपझिगच्या जत्रेंत लायका लोकांसमोर आला. ‘लाइट्झ’ आणि ‘कॅमेरा’ या दोन शब्दांचीं आद्याक्षरें जोडून हें नांव झालें आहे. आज असा कॅमेरा हातांत घेतला तर प्रथम जाणवतो तो त्याचा शांतपणा. कापडी शटर सुटतांना होणारा आवाज इतका मृदु, कीं ज्याचा फोटो घेतला त्याला तो कळूंहि नये. १९३२ सालीं त्याला भिंगाशीं जोडलेला अंतरमापक मिळाला. मग अंदाजानें अंतर ठरविण्याचें कारण उरलें नाहीं.

त्याच वर्षीं ड्रेस्डेन शहरांत त्याला प्रतिस्पर्धी उभा राहिला. १९२६ सालीं चार जुन्या कंपन्या एकत्र होऊन तेथें झाइस इकॉन ही मोठी संस्था बनली होती. इमानुएल गोल्डबर्ग हा मॉस्कोंत जन्मलेला ज्यू शास्त्रज्ञ तिचा प्रमुख होता. या संस्थेनें १९३२ सालीं काँटॅक्स काढला. लायकाचें शटर कापडाचें व आडवें धांवणारें. काँटॅक्सचें पितळेच्या बारीक पट्ट्यांचें, दुकानाच्या लोखंडी पडद्याप्रमाणें वरून खालीं जाणारें. दोहोंत तुलना करतांना संग्राहकांचे आजहि दोन पक्ष पडतात. यंत्रज्ञाच्या दृष्टीनें काँटॅक्स अधिक महत्त्वाकांक्षी, पण त्याची रचना गुंतागुंतीची. लायका साधा, म्हणूनच दुरुस्तीला सोपा.

काँटॅक्सचा खरा अभिमान त्याच्या भिंगांत होता. काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारें शेंकडा ४ प्रकाश परत फिरतो, आणि तो आंतल्या आंत भटकून चित्रावर धुकें पसरवितो. लुडविग बेर्टेलेनें आपल्या सोनार भिंगांत अनेक कांचा एकमेकींस चिकटवून अवघे तीन गट केले. त्यामुळें हवेला भिडणारे पृष्ठभाग केवळ सहा उरले. १९३५ सालीं झाइसच्याच स्माकुला या शास्त्रज्ञानें कांचेवर अतिशय पातळ थर देऊन हें परावर्तन कमी करण्याची युक्ति शोधली. जुन्या भिंगाच्या कडेवर तांबड्या रंगांत रोमन लिपींतला ‘टी’ दिसला, तर तो या थराची खूण समजावी.

येथपर्यंतची कथा बुद्धीची आणि हातांच्या कसबाची आहे. पण याच वर्षांत जर्मनींत दुसरेंहि कांहीं घडत होतें. १९३३ सालीं नाझी गुंडांनीं गोल्डबर्गला पळवून नेलें आणि त्याला आपलें पद सोडावें लागलें. तो प्रथम पॅरिसला व १९३७ सालीं पॅलेस्टाइनला गेला. पुढें त्याच ड्रेस्डेनमध्यें झाइस इकॉनच्या एका कारखान्यांत ज्यू स्त्रीपुरुषांकडून सक्तीनें युद्धसाहित्य करवून घेण्यांत आलें. १९४२ च्या नोव्हेंबरांत त्यांना हेलरबर्ग येथील छावणींत कोंडलें, आणि १९४३ च्या मार्चमध्यें तेथूनच ऑशविट्झला धाडलें. वेत्झलरला अर्न्स्ट लाइट्झनें आपल्या ज्यू नोकरांना आणि परिचितांना परदेशच्या शाखांत काम देण्याच्या निमित्तानें देशाबाहेर काढलें. त्याची कन्या एल्सी हिनें एका ज्यू स्त्रीस स्वित्झर्लंडकडे पळून जाण्यास साहाय्य केलें, म्हणून १९४३ सालीं गेस्टापोनें तिला तुरुंगांत टाकलें. तथापि लाइट्झच्या कारखान्यांतहि युक्रेनमधून आणलेल्या स्त्रिया सक्तीनें राबत होत्या, हेंहि लपवितां येत नाहीं. त्या काळचा एकादा चकाकणारा कॅमेरा हातांत घेतांना हें सारें मनांत असावें. यंत्राचें सौंदर्य त्यामुळें खोटें ठरत नाहीं. मात्र त्याची स्तुति करतांना आपला आवाज जरा खालीं येतो.

१९४५ च्या फेब्रुवारींत बाँबवर्षावानें ड्रेस्डेन जळालें. युद्ध संपलें आणि देश विभागला गेला, तसें या कॅमेऱ्यांचें घराणेंहि विभागलें. येना शहर प्रथम अमेरिकनांच्या हातीं होतें. जुलैमध्यें तें रशियनांकडे गेलें. अमेरिकनांनीं जातांना झाइसचे निवडक शास्त्रज्ञ बरोबर नेले. रशियनांनीं काँटॅक्सचीं अवजारें व सांचे कीव्हला हलविले. तेथें १९४७ पासून १९८० नंतरच्या दशकापर्यंत ‘कीव्ह’ या नांवानें तोच कॅमेरा निघत राहिला. इकडे १९४९ सालीं ड्रेस्डेननें ‘काँटॅक्स’ नांवाचा निराळाच, आरशाचा कॅमेरा काढला, तर १९५० सालीं पश्चिमेंत स्टुटगार्टनें जुन्या वळणाचा ‘काँटॅक्स’ पुन्हा आणला. नांवाचा मालक कोण, यावर भांडण जुंपलें, आणि पूर्वेकडील कॅमेरा परदेशांत ‘पेंटाकॉन’ म्हणून विकला जाऊं लागला. भिंगांचेंहि तेंच झालें. कोणावर ‘कार्ल झाइस येना’, कोणावर नुसतें ‘येनाहून’, कोणावर पश्चिमेचें ‘झाइस-ऑप्टन’. भिंगाच्या कडेवरील तीन-चार शब्दांत एका राष्ट्राची फाळणी अशी वाचावयास मिळते.

वाचतां येणें व्यवहारांतहि उपयोगीं पडतें, कारण या बाजारांत खोटीं नाणीं पुष्कळ आहेत. खार्कोव्हमध्यें १९३४ पासून ‘फेड’ या नांवानें लायकाची नक्कल होत असे, आणि युद्धानंतर ‘झोर्की’ निघाला. या कॅमेऱ्यांवर मागाहून लायकाचें नांव कोरून, कधीं नाझी गरुडाचें चिन्ह उठवून, ते दुर्मिळ म्हणून खपविले जातात. परीक्षा सोपी आहे. भिंग काढून आंत पाहावें. अंतरमापकाच्या दांड्याच्या टोंकाला अस्सल लायकांत लहानसें गोल चाक असतें. नकलेंत बहुधा पाचरीसारखें टोंक असतें. मला या फसवणुकींत पैशाच्या नुकसानीहून दुसरेंच दुःख वाटतें. ज्या चिन्हाखालीं गोल्डबर्गसारखीं माणसें देशोधडीस लागलीं, तें चिन्ह शोभेचें झालें कीं किंमत वाढते, ही गोष्ट ग्राहकाचीहि परीक्षा पाहणारी आहे.

आपल्याकडेहि या घराण्याची आठवण आहे. ब्राउनश्वाइग येथें १९२९ सालीं निघालेला, दोन भिंगांचा व मान खालीं घालून पाहण्याचा रोलाइफ्लेक्स अनेकांनीं होमाई व्यारावाला यांच्या हातीं पाहिला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत शिकलेल्या या बाईंनीं स्वातंत्र्याच्या उदयकाळचीं दिल्लींतलीं दृश्यें टिपलीं. आपल्या घरच्या कपाटांतहि आजोबांचा एकादा कॅमेरा पडून असेल. कोंकणपट्टीच्या पावसाळी हवेंत भिंगावर बुरशी धरते, आणि चामड्याची पेटी ओल धरून तिला पोसते. म्हणून तो पेटींतून काढून कोरड्या व उजेडाच्या जागीं ठेवावा. महिन्यांतून एकदां शटर हळूच चालवावें. अडून बसलें तर जोर करूं नये, जाणत्या कारागिराकडे न्यावें. फिल्म अजून मिळते. वर्षांतून एक गुंडाळी तरी भरावी.

आणि ती भरण्यापूर्वीं भिंगावरील अक्षरें, पाठीवरील क्रमांक, तळावरचें गांवाचें नांव घरांतल्या मुलांकडून मोठ्यानें वाचून घ्यावें. तें गांव कोठें आहे, तेथें कोण काम करीत होतें, आणि त्यांचें पुढें काय झालें, असें तीं विचारतील. त्या प्रश्नांना खरें उत्तर देतां आलें, कीं तुमचा संग्रह एका कॅमेऱ्याचा असला तरी पुरेसा मोठा आहे.