नवेगाव बांध : एका तंत्रविद्येचे संक्रमण

राष्ट्राच्या आर्थिक विकासात तंत्रविद्येच्या संक्रमणाचे स्थान कोणते, हा प्रश्न निघाला की अभ्यासकाची दृष्टी सामान्यतः परदेशाकडे वळते. ५ जानेवारी १९५२ रोजी भारत व अमेरिका यांच्यात तांत्रिक सहकार्याचा करार झाला. १९५५ मध्ये भिलाईच्या पोलाद कारखान्यासाठी सोव्हिएत संघाशी करार झाला. यंत्रे, आराखडे आणि तज्ज्ञ एका देशातून दुसऱ्या देशात नेणे म्हणजेच संक्रमण, अशी समजूत यातून रूढ झाली. भिलाईच्या पश्चिमेस, वैनगंगेच्या खोऱ्यात, संक्रमणाचे याहून पुष्कळ जुने उदाहरण उभे आहे. त्याचे परीक्षण केले असता ही समजूत अपुरी ठरते.

गोंदिया जिल्ह्यातील नवेगाव बांध येथील जलाशय अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी याने बांधला, असे मानले जाते. डोंगरांमधील वाट मातीच्या बांधाने अडवून सभोवतीच्या वनातील पाणी येथे साठविले आहे. विसाव्या शतकाच्या प्रारंभीच्या नोंदींत त्याचे क्षेत्र सुमारे ५ चौरस मैल व परिघ १७ मैल दिला आहे. आधुनिक मोजणीचे कोणतेही साधन हाती नसता हे काम झाले, हे ध्यानात घेतले पाहिजे.

कोहळ्यांच्या मूळस्थानाविषयी दोन परंपरा आहेत. चांद्याच्या एका गोंड राजाने काशीयात्रेहून परतताना त्यांना बरोबर आणले, ही एक. लांजी येथे त्यांची पहिली वसाहत झाली, ही दुसरी. रसेल व हिरालाल यांनी १९१६ मध्ये या दोन्ही नोंदवून उत्तर भारतातील कोइरी या बागाईतदार जातीच्या नावाशी असलेल्या साम्याकडेही लक्ष वेधले. केवळ नामसाम्यावरून वंश सिद्ध होत नाही. तथापि तलाव बांधणे, उसाची लागवड करणे आणि भाताला पाणी देणे ही तिन्ही कौशल्ये एकाच समाजाच्या अंगी एकत्र आढळावीत, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. येथे वस्तू आली नाही. माणसे आली आणि त्यांच्याबरोबर विद्या आली. ती या भूमीत रुजली याचे कारण आर्थिक होते. तलाव बांधणाऱ्यास त्या पाण्याखाली भिजणारी जमीन द्यावी, असा गोंड राजांचा प्रघात परंपरा सांगते. भाद्रपद-आश्विनात पावसाने ओढ दिली की हाती आलेले भाताचे पीक जाते. नेमके तेच पाणी राखून ठेवण्याचे साधन तलावाने दिले, आणि ते देणाऱ्याला त्याचा लाभही मिळाला.

ही विद्या किती खोलवर रुजली याची साक्ष भाषा देते. गावाने आपल्या नावातच ‘बांध’ धारण केला. लहान तलाव ती बोडी, बांध घातलेले धानाचे शेत ती बांधी, पाणी सोडण्याची जागा ते तुडूम, असा स्वतंत्र शब्दसंग्रह या भागात घडला. कोलू पाटील स्वतः कोलासुर देव झाला आणि तलावाभोवतीच्या सात टेकड्या त्याला साह्य करणाऱ्या सात बहिणी ठरल्या. जे तंत्र दैवतांच्या नावांत शिरते, ते आता आगंतुक राहिले नाही असे म्हणावयास हरकत नाही.

एकोणिसाव्या शतकात, १८६० नंतरच्या जमाबंदीत, इंग्रज सरकारने मालगुजारांना गावांची मालकी दिली. गावचा तलावही त्यांच्या मालकीचा झाला. त्याची देखभाल मालगुजाराच्या अधिकाराखाली, गावकऱ्यांच्या श्रमावर चालत असे. रयतेचे पाण्याचे हक्क वहिवाटीने ठरलेले असत. या व्यवस्थेत जुलूम नव्हता असे कोणीही म्हणणार नाही. म्हणूनच मध्य प्रदेश विधिमंडळाच्या १९५० च्या कायद्याने ती मोडणे न्याय्यच होते. ३१ मार्च १९५१ रोजी मालगुजारी हक्क शासनाकडे आले. पहिल्या पंचवार्षिक योजनेचा कालखंड १ एप्रिल १९५१ पासून, म्हणजे दुसऱ्याच दिवसापासून, मोजला जातो.

या दोन तारखांचे सान्निध्य बोधप्रद आहे. राष्ट्र नव्या तंत्रविद्येच्या स्वागतास सिद्ध होत असता हाती असलेली जुनी विद्या एका कागदाने शासनाकडे आली. परंतु कागदाने आली ती केवळ मालकी. बांधावरील माती केव्हा भरावी, गाळ केव्हा काढावा, कोणाच्या बांधीत आधी पाणी सोडावे, हे जाणणारी माणसे त्या नोंदीत नव्हती. शासनाने पाणीपट्टी मागितली, तेव्हा शेतकऱ्यांनी वहिवाटीचा हक्क पुढे केला. या वादात दुरुस्ती रेंगाळली आणि अनेक तलाव गाळाने उथळ झाले. ‘माजी मालगुजारी’ या शब्दांच्या आद्याक्षरांपासून झालेले ‘मामा तलाव’ हे आजचे नावही हेच सांगते. त्यात पूर्वीच्या मालकाची आठवण आहे, आजच्या राखणदाराचा उल्लेख नाही.

अलीकडच्या काळात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर समाजाच्या स्त्री-पुरुषांच्या साह्याने काही तलावांत देशी पाणवनस्पती पुन्हा लावण्याचे काम केले आहे. कोणती वनस्पती कोणत्या माशाला उपकारक, हे पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करणाऱ्या ढिवरांना ठाऊक आहे. या कामात त्या ज्ञानाला नियोजनाचे स्थान मिळाले.

नवेगावच्या इतिहासातून निघणारा निष्कर्ष मर्यादित, परंतु स्पष्ट आहे. बांधकाम वारशाने येते, मालकी कायद्याने येते. विद्या मात्र ती जाणणाऱ्या माणसांना स्थान व लाभ दिल्यावाचून येत नाही आणि आली तरी टिकत नाही. गोंड राजवटीने माणसे बोलावून त्यांना जमीन दिली. १९५१ च्या व्यवस्थेने तलाव घेतले, पण माणसांना विचारले नाही. आर्थिक विकासाच्या हिशेबात यंत्रांची व बांधांची गणना होते. ती चालविणाऱ्यांच्या ज्ञानासाठीही त्या हिशेबात एक रकाना असावयास हवा.